अव्वांची कन्नड आणि पुतणीचे चौथे वर्ष

गेल्या वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी, जेवणे आटोपून घरातील मंडळी दिवाणखान्यात बसली असता आमच्या पुतणीने एक विषय काढला. भाषाविज्ञान हा मुख्य विषय घेऊन उत्तरेतील एका विद्यापीठात तिची तीन वर्षे पूर्ण होत आली होती. नव्या रचनेप्रमाणे तेवढ्यावर बी. ए. ची पदवी घेऊन तिला परतता आले असते. परंतु तिला चौथे वर्ष करावयाचे होते, ऑनर्सचे, आणि तेही संशोधनासह. घरात एक स्थळ सांगून आलेले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. माझे थोरले बंधू हळदीच्या अडतीत चाळीस वर्षे बसलेले गृहस्थ. त्यांनी आवाज न चढवता विचारले, "बोलायला तर सगळ्यांनाच येतं. त्याचा चार वर्षं अभ्यास तो काय करायचा?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. ज्याने आयुष्यभर पोत्यात हात घालून, कांडी मोडून, आतला रंग पाहून मगच भाव सांगितला, त्याने लेकीच्या विषयालाही तोच न्याय लावला होता. मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षभरात जे पाहिले आणि ऐकले ते येथे मांडतो. आपल्या घरांतून सी. ए., फार्मसी आणि इंजिनिअरिंग यांपलीकडचे काही एखाद्या मुलाने मागितले, की हाच प्रश्न निघतो. आणि बहुधा त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ कोणी काढत नाही.

पहिला गैरसमज सर्वांचा होता, माझाही. भाषाविज्ञान शिकणाऱ्याला दहा-वीस भाषा येत असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. येणारा प्रत्येक पाहुणा तिला विचारी, "मग किती भाषा येतात तुला?" नाण्यांच्या अभ्यासकाला 'तुमच्याजवळ पैसे किती?' असे विचारावे, त्यातलाच हा प्रकार. तिचे काम भाषा जमवण्याचे नव्हे. बोलताना माणसाच्या तोंडात, डोक्यात आणि समाजात जे घडते ते कोणत्या नियमाने घडते, हे शोधण्याचे आहे. आणि नियम म्हणजे शाळेतील शुद्धलेखनाचे नियम नव्हेत. कोणी न शिकवता तीन वर्षांचे मूल जे पाळते, ते.

तिने आम्हाला हे एका अक्षरावर दाखवले. 'चांदी' म्हणा, आणि मग 'चांगला' म्हणा. दोन्हीकडे लिहितो एकच 'च'. पण 'चांदी'च्या वेळी जीभ टाळूला लागते, 'चांगला'च्या वेळी ती पुढे येऊन दातांच्या मुळाशी टेकते. 'जग' या शब्दाचे तर याहून नवल. दुनिया या अर्थाचे 'जग' आणि 'सुखाने जग' या आशीर्वादातले 'जग' लिहिण्यात तिळमात्र वेगळे नाहीत. मराठी माणूस मात्र उच्चारात त्यांची कधी गफलत करत नाही. माझी पत्नी गुजराती बोलणाऱ्या जैन घरातली. लग्नाला एकतीस वर्षे झाली, तरी तिच्या 'चांगला'मध्ये चांदीचाच 'च' येतो आणि सगळे घर तिला हसते. पुतणीने सांगितले की यात काकूचा आळस नाही. तान्हे मूल जगातील कोणत्याही भाषेचे ध्वनी वेगळे ओळखू शकते. वर्षाचे होता होता त्याचा कान घरातील भाषेच्या मापाचा बनतो, आणि जो भेद त्या भाषेला नको असतो तो त्याला ऐकू येणे कठीण होत जाते. प्रमाण गुजरातीला हा दुसरा 'च' लागत नाही. त्या दिवसानंतर घरातील हसणे थांबले असे नाही, पण पत्नीला उत्तर मिळाले.

बंधूंना मात्र पटले ते दुसरेच उदाहरण. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. पुतणी म्हणाली, "दादा, दुकानात शेतकरी समोर बसलाय. 'भाव आम्ही ठरवू' म्हणालात तर काय होईल, आणि 'भाव आपण ठरवू' म्हणालात तर काय होईल?" बंधू क्षणभर थांबले आणि हसले. हा भेद गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा आहे, मारवाडीत 'म्हे' आणि 'आपां' असा आहे, तेलुगूतही आहे. हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही, इंग्रजीत नाही, आणि प्रमाण कन्नडच्या 'नावु'मध्येही नाही. जगातील कितीतरी भाषांत तो सापडतो आणि कितीतरी भाषांत नाही. तो कोठून येतो, शेजारच्या भाषेला कसा लागतो आणि कसा पुसला जातो, याचा माग काढणारी माणसे आहेत. चाळीस वर्षे ज्या शब्दाच्या जोरावर आपण धंदा केला त्याला एखादे शास्त्र असेल, असे बंधूंच्या मनात कधी आले नव्हते.

अभ्यासक्रमाचा तक्ता येथे देत बसत नाही. ध्वनी, शब्दांची घडण, वाक्याची रचना, अर्थ, भाषेचा इतिहास, भाषा आणि समाज अशी त्याची चढण आहे. त्यात संख्याशास्त्र आहे, तर्कशास्त्र आहे, आणि वाक्याचे झाड काढण्याचा एक प्रकार आहे जो पाहून मला बीजगणिताची आठवण झाली. गणिताला भिऊन कला शाखेकडे वळणाऱ्यांनी हा विषय घेऊ नये, हे मात्र आवर्जून लिहून ठेवतो.

तिसऱ्या वर्षी ती सुट्टीत घरी आली ती एका इंग्रजी निबंधाची छापील प्रत घेऊन. त्यात एका गावाचे नाव वारंवार येत होते, आणि ते गाव आमच्या दुकानापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर होते. कुपवाड! आज ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे आणि बहुतेकांना ते औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक आहे. परंतु जगात जेथे जेथे भाषाविज्ञान शिकवले जाते, तेथील विद्यार्थ्याला हे नाव कधी ना कधी वाचावे लागते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी तेथील बोलण्याचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या वेळी कुपवाड तीनेक हजार वस्तीचे खेडे होते. तेथील जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुस्लिम घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी आणि दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू बोलली जाई. गावच्या चावडीवर, बाजारात, एकमेकांशी व्यवहार करताना बहुतेकांना दोन-तीन भाषा वापराव्या लागत, आणि त्यातही सर्वांना सोयीची म्हणून मराठी पुढे असे.

अशा ठिकाणी शेजारी एकमेकांचे शब्द उसने घेतील, अशी आपली अपेक्षा असते. कुपवाडात नेमके उलटे दिसले. शब्द बरेचसे ज्याचे त्याच्याकडे राहिले आणि वाक्याचा सांगाडा एक होत गेला. 'कापून घेऊन आलो' यात आपण जसे 'काप' ला 'ऊन', 'घे' ला 'ऊन' आणि मग 'आलो' असे तुकडे ओवतो, तसेच आणि त्याच क्रमाने तेथील उर्दू आणि कन्नड बोलणाराही ओवी. प्रमाण कन्नडात 'हे आपले घर' एवढे म्हटले की वाक्य पुरे होते, शेवटी 'आहे' लागत नाही; कुपवाडच्या कन्नडात मराठीसारखे 'आहे' आले. घराघरातील वेगळेपण शब्दांनी राखले आणि गावाचे एकत्र नांदणे व्याकरणात उतरले, असा त्या निबंधाचा निष्कर्ष मी माझ्या भाषेत मांडतो. तो अखेरचा शब्द मात्र नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापिका सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतर कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्या जुन्या मांडणीची कसून चिकित्सा केली. पुतणीला या दोन निबंधांतले अंतरच अधिक आवडले होते. मला आवडले ते इतकेच, की ज्या बोलीला आम्ही आयुष्यभर 'मोडकी' म्हणत आलो ती कोणाला तरी समुद्र ओलांडून येऊन ऐकण्याजोगी वाटली.

व्यापाऱ्याच्या बोलण्याकडे कान देणारा पहिला माणूस मात्र अमेरिकन नव्हता. तो आपला एक मुनी होता. उद्योतनसूरींनी राजस्थानातील जालोर येथे इ. स. ७७९ मध्ये 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात कथानायक विजयापुरीच्या बाजारपेठेत शिरतो, आणि तेथे देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत सौदे करत असलेले त्याला ऐकू येतात. गोल्ल, मगध, कीर, लाट, कर्नाटक, एकेकाचा रंग, बांधा, स्वभाव आणि त्याच्या तोंडचा एखादा शब्द असे ते वर्णन आहे. मराठ्यांच्या तोंडी सूरींनी जे शब्द घातले त्यांचा अर्थ 'दिले' आणि 'घेतले' असा होतो, आणि त्यांत आजच्या मराठी क्रियापदातला तो 'ल' स्पष्ट ऐकू येतो. मराठीचा पहिला शिलालेख कोणता यावर आपल्याकडे उत्साहाने वाद होतात. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण शिलालेख कोरवून घेणाऱ्याने विचार करून शब्द निवडलेले असतात. सूरींनी बाजारात सहज कानावर पडलेला शब्द टिपला, याचे मोल व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे वाटते.

हा ग्रंथ सिंघी जैन ग्रंथमालेसाठी संपादित केला तो डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचा त्यांचा जन्म, १९०६ चा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी प्राकृत शिकवले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्यांच्या प्रस्तावना असलेले ग्रंथ कपाटात आहेत आणि पर्युषणात त्यांची धूळ झटकली जाते. हेमचंद्राचार्यांनी आपल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृतांना दिला, हे आपण प्रवचनात ऐकतो. पण तो अध्याय भाषाविज्ञानाच्या वर्गात आजही उघडला जातो, कारण अपभ्रंश कशी होती हे जाणून घ्यायला तो एक मोठा आधार आहे, हे मला पुतणीकडून कळले. समाजाने पाठशाळा काढल्या, ग्रंथमाला चालवल्या. त्या ग्रंथांची भाषा वाचणारी पुढची पिढी कोठून येणार, याचा विचार तेवढ्या नेटाने केला, असे मला वाटत नाही.

आता चौथ्या वर्षाचा व्यवहार. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० श्रेयांक लागतात. ज्यांना पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण आहेत त्यांना 'संशोधनासह ऑनर्स' करता येते, आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. चौथे वर्ष केले की पुढे एम. ए. एका वर्षात होऊ शकते, म्हणजे एकूण काळ वाढत नाही. बंधूंना ही शेवटची गोष्ट प्रथम सांगितली असती तर त्या सायंकाळी निम्मा वाद झाला नसता! महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः एम. ए. पासून शिकता येतो, मुंबई विद्यापीठात आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पदवीच्या पातळीवर तो हवा असेल तर अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारखी ठिकाणे पाहावी लागतात. म्हणजे वसतिगृह, दूरचा प्रवास आणि जेवणाचा प्रश्न. शेवटचा प्रश्न आपल्या घरांत लहान नाही. पुतणीने दोघींना सोबत घेऊन खोलीवर कुकर लावला आणि सूर्यास्ताची वेळ सांभाळली, एवढेच सांगतो.

कमाईविषयी मी गोड बोलणार नाही. या पदवीच्या नावाने वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात दिसत नाही. अध्यापन आहे, कोशकार्य आहे, अनुवाद आहे. म्हैसूरला १९६९ पासून केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था आहे. संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याचे काम वाढते आहे आणि शासनाचा 'भाषिणी' हा उपक्रम त्याचसाठी आहे. पण यांतील बहुतेक वाटा एम. ए. किंवा त्यापुढचे शिक्षण झाल्यावर उघडतात, आणि संगणकाकडे जायचे तर त्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ होण्याचा अभ्यासक्रमही निराळा आहे. त्याची आणि याची गल्लत करू नये. दुकान सांभाळून ज्याला कुतूहल पुरवायचे आहे अशा मुलाला हा विषय शोभेल. घरची अडत ज्याच्या वाट्याला यायची नाही आणि ज्याला तिशीच्या आत स्वतःचा संसार उभा करायचा आहे, त्याने पूर्ण हिशेब मांडूनच यावे.

"एक वर्ष," बंधू अखेर म्हणाले. "पुढचं पुढं बघू." स्थळाला तसे कळवण्यात आले.

प्रबंधाचा विषय तिने दूर शोधला नाही. माझ्या आईचे, म्हणजे आमच्या अव्वांचे, माहेर चिकोडीकडचे, सदलग्याच्याच पट्ट्यातले. त्यांचे बालपण कन्नडात गेले, शाळा मराठीत झाली, आणि अठराव्या वर्षी त्या सांगलीच्या पेठेत आल्या. घरात त्यांच्याशी कन्नड बोलणाऱ्या एकच होत्या, माझ्या काकू. दोघी जावा स्वयंपाकघरात दिवसभर कन्नड बोलत आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच मराठी. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर अव्वा कन्नडात काही म्हणत तेव्हा आम्हाला ते कळे, आणि आम्ही मराठीत उत्तर देत असू. यात काही हरवते आहे हे आमच्या ध्यानात आले नव्हते. एका घरातील तीन पिढ्यांची कन्नड, असा पुतणीचा विषय ठरला.

प्रथम संमतिपत्रे आली. ज्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे त्याची लेखी परवानगी घ्यावी, नाव उघड करू नये, नको असलेला भाग पुसून टाकावा, असा या शास्त्राचा दंडक आहे. बंधूंनी तो कागद हुंडी वाचावी तसा दोनदा वाचला आणि दुकानातील भावतावाचे बोलणे त्यात येणार नाही, असे स्वतःच्या अक्षरात खाली लिहून मगच सही केली. अव्वांची अडचण वेगळी होती. "माझं कन्नड कुठं खरं कन्नड?" त्या म्हणाल्या. "धारवाडकडचं कुणी शोध. मी मोडकंतोडकं बोलते." पुतणीला त्यांना समजावता समजावता तीन दिवस गेले.

आणि मग तिने चूक केली. वही घेऊन समोर बसली आणि 'याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात' असे विचारू लागली. अव्वा शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसून एकेक शब्द सांगू लागल्या, आणि त्या शब्दांत त्यांची बोली कोठेच नव्हती. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी दूरध्वनीवर सांगितले की प्रश्न थांबव आणि त्यांच्या हाताला काम दे. वैशाखाचे ऊन होते, पापडांचे दिवस होते. लाटणे हाती आले आणि अव्वा बोलू लागल्या: माहेरची विहीर, भावाच्या लग्नात हरवलेली पाटली, आणि जावेची एक खोडी जी आम्ही कोणी कधीच ऐकली नव्हती. लाटण्याच्या आवाजाने पहिली दोन ध्वनिमुद्रणे वाया गेली. पुढे पोळपाटाखाली टॉवेल घातला गेला. एका तासाचे बोलणे उतरून काढायला पुतणीला चार-चार दिवस लागत.

'हे आपले घर' हे वाक्य तिला अकस्मात मिळाले. शेजारच्या मुलाला दटावताना अव्वा म्हणाल्या, "इद नम्म मनी ऐती." प्रमाण कन्नडात 'इदु नम्म मने' एवढ्यावर भागले असते. शेवटचे 'ऐती' म्हणजे आपले 'आहे'. पुस्तकातले कुपवाड आमच्या माजघरात निघाले होते. तिने अव्वांना विचारले, "नम्म म्हणजे आमचं की आपलं?" अव्वांनी थोडा विचार केला. "कन्नडात तसं नसतं," त्या म्हणाल्या, आणि पापड उलटला.

प्रबंध मार्गशीर्षात सादर झाला. त्यातील आकडेमोड मला फारशी समजली नाही. एवढे समजले, की अव्वांच्या पिढीकडे पूर्ण भाषा आहे, आमच्या पिढीकडे तिची समज आहे, आणि पुतणीच्या पिढीकडे सुमारे चाळीस शब्द आहेत: नाती, खाणे आणि रागावणे. परिशिष्टात कोण किती बोलले याचा तक्ता आहे. त्यात माझ्या बंधूंच्या नावाच्या जागी 'पुरुष, ६४' असे लिहिले आहे, आणि अकरा तासांच्या ध्वनिमुद्रणात त्यांचे कन्नड बोलणे एकदाच आले आहे. ते आठव्या ध्वनिफितीत आहे, अगदी शेवटी. सायंकाळची वेळ, चौकटीशी चपला काढल्याचा आवाज, आणि लाटणे न थांबवता अव्वा विचारतात, "ऊटा आतेन?" जेवण झाले का. बंधू नेहमी मराठीत उत्तर देतात. त्या दिवशी, यंत्र चालू आहे हे त्यांना ठाऊक नसावे, ते म्हणाले, "आतव्वा."